सातचा भोंगा, साडेआठचा भोंगा आणि फलकावरची नावं

बांधावरून | रविवार, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. पंधरवड्यानं आमच्याकडे ग्रामसभा आहे. (तालुका पलूस. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, सरपंचांचे चिरंजीव इथले जुने सभासद आहेत.) विषयपत्रिकेवर पाणीपट्टी, गटार, घरकुलाची यादी ही नेहमीची यशस्वी मंडळी आहेतच. यंदा एक नवा विषय आलाय. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायचा आणि साडेआठच्या भोंग्यापर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी जवळ बसायचं.

कल्पना आमची नव्हे. शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, त्यांनी २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून हे चालू केलं. कोरोनात शाळा मोबाईलमध्ये गेली, नंतर शाळा वर्गात परत आली पण पोरं मोबाईलमध्येच राहिली, हे तिथल्या शिक्षकांचं गाऱ्हाणं. मग देवळावर भोंगा बसवला. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. देशभर बातमी झाली. त्या गावाबद्दल मला आदरच आहे, तेव्हा त्यांच्यावर घसरू नका.

आमच्या मसुद्यात मात्र एक ओळ जादा आहे: 'निर्णयाचे पालन न करणाऱ्या कुटुंबप्रमुखांची नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर प्रसिद्ध करण्यात येतील.' माझं घोडं इथे अडलंय. माझा मुलगा आठवीत आहे. रील बघत असला की तिसऱ्या हाकेला 'आं?' म्हणतो, त्यामुळे भोंगा मलाही नको आहे असं नाही. पण माझ्या घरात टीव्ही किती वाजता लागला हे फलकावर? पंचायतीला हा अधिकार आहे का? का मीच उगाच ताणतोय? अनुभव, मतं, कायदा, सगळं चालेल.

भडंग_लिंबू_मारके | रविवार, रात्री ९:१६

मी पयला! वाचून सविस्तर लिहितो. (लिहिणार नाही.)

कंदीपेढा | रविवार, रात्री ९:४०

यात विचारायचं काय? दीड तास! चोवीस तासांतला दीड तास मोबाईल खाली ठेवायला सांगितला तर लगेच अधिकार आठवले. गुटख्याच्या पुड्या, दारूची दुकानं, डीजे, याविरुद्ध गावं ठराव करतात तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. मोबाईल त्यापेक्षा कमी व्यसन आहे का? आमच्या साताऱ्यात राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर संध्याकाळी एकदा जा. चौघांचं कुटुंब भेळ खायला येतं, चौघांच्या हातात चार मोबाईल, आणि भेळवाला विचारतोय 'तिखट का मध्यम?' तर कुणाचं लक्ष नाही. फलकावर नाव लागलं तर लागू दे. पाणीपट्टी थकली की लावतातच की.

हळदकाका | रविवार, रात्री १०:०५

आवं पेढेसाहेब, तुमी सातारच्या चौपाटीवरनं बोलताय, आमी मळ्यातनं. थ्री फेज लाईट कवा येतीया? आठवड्यात काय दिवस दिवसा, काय दिवस रातची. मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलाय. हितनं फोन लावायचा, तिकडं पेटीत सिमकार्ड हाय, ते मोटार चालू करतंय आन् 'मोटार चालू आहे' म्हणून बाई बोलतीया. सातला भोंगा झाला आन् सव्वासातला लाईट आली तर म्या काय करू? दीड कोस चालत जाऊ विहिरीवर? का फलकावर नाव लिवून घिऊ?

पोरांचं म्हणाल तर खरं हाय. पण ठराव लिवताना मळा इसरू नका.

मुठेकाठचा_सांगलीकर | रविवार, रात्री १०:३१

वाचून डोळे पाणावले. आमच्या लहानपणी कारखान्याच्या भोंग्यावर अख्खा गाव चालायचा. सातला दिवे लागणी, शुभंकरोती, पाढे, मग आजीच्या हातची आमटी-भाकरी. ते दिवस परत येत असतील तर फलक काय, गाढवावरून धिंड काढा. आम्ही शहरात हरवून बसलोय हे सगळं.

भडंग_लिंबू_मारके | रविवार, रात्री १०:३४

@मुठेकाठचा_सांगलीकर दादा, धिंड आमची आणि डोळे तुमचे पाणावणार, असं कसं? कोथरूडच्या सोसायटीत आधी भोंगा लावून बघा. सेक्रेटरी साडेसातच्या आत पोलीस बोलावतो का नाही ते कळवा. हलकेच घ्या.

सातची_मालिका | सोमवार, दुपारी २:२०

दुपारी लिहितेय कारण संध्याकाळी मला वेळ नसतो, आणि का नसतो ते सांगते. साडेचारला उठून डबे, मग शेतावर किंवा ऑफिसला, आल्यावर दूध, पाणी, स्वयंपाक. सात ते साडेआठ या वेळात तीन मालिका बसतात. त्या काही थोर नाहीत हे मलाही कळतं. नायिका तीन वर्षं तीच साडी पिन लावून गरोदर आहे. पण भाकऱ्या थापता थापता कानावर दुसऱ्याच्या सासूची कटकारस्थानं पडली की आपली सासू बरी वाटते, हा त्याचा उपयोग आहे.

आमच्या शेजारच्या गावात असा प्रयोग काही दिवस झाला. काय झालं? भोंगा वाजला की टीव्ही बंद, आणि बायकांनी पोरांना घेऊन बसायचं. पुरुष कुठे होते? पारावर. त्यांच्या हातात मोबाईल होता, पण पार म्हणजे घर नव्हे ना! कुटुंबप्रमुखाचं नाव फलकावर लावणार म्हणता, आणि तो कुटुंबप्रमुख पारावर बसून इंग्लंडमधली मॅच बघतोय.

तेव्हा मला विचाराल तर भोंग्याला विरोध नाही. पण पार, पानटपरी आणि पंचायतीचं ऑफिस हे तिन्ही आधी ठरावात घ्या. मालिकेचं काय, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागते.

तासगावचा_बेदाणा | सोमवार, दुपारी २:४१

+१. 'पार म्हणजे घर नव्हे' यावर दंडवत.

कलम_दोन_ओळी | सोमवार, संध्याकाळी ७:४२

वकिली करतो, सल्ला फुकट आहे म्हणून हलक्यात घेऊ नका.

ग्रामपंचायतीनं काय काय करावं याची यादी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीत आहे. पाणी, दिवाबत्ती, स्वच्छता, शिक्षण असं बरंच काही. माणसानं स्वतःच्या घरात टीव्ही कधी लावावा हे त्यात मला सापडलेलं नाही. तेव्हा ग्रामसभा 'आवाहन' करू शकते, सक्ती करू शकत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय. घराच्या चार भिंतींच्या आत काय चाललंय ते फलकावर लावणं त्याच्या नेमकं उलट जातं.

एक निकाल इथे चपखल बसतो. केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात नियम होता, रात्री दहा ते सकाळी सहा मोबाईल बंद. पुढे तो बदलून संध्याकाळी सहा ते रात्री दहा केला, अभ्यासाची वेळ म्हणून. एका विद्यार्थिनीनं मोबाईल जमा करायला नकार दिला, तिला वसतिगृहातून काढलं, ती उच्च न्यायालयात गेली. २०१९ मध्ये न्यायालयानं सांगितलं की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, मुलीला परत घ्या. अभ्यासासाठी मोबाईल बंद करा असं वसतिगृह म्हणत होतं आणि अभ्यासासाठीच मोबाईल हवा असं ती म्हणत होती.

फलकापुढची पायरी 'या घरांशी व्यवहार नको' अशी झाली, तर सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा (२०१६) लागतो. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य आहे, ते उगाच नाही. गावकी काय करू शकते हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

भडंग_लिंबू_मारके | सोमवार, संध्याकाळी ७:४४

साहेब, प्रतिसादाची वेळ बघा. सात बेचाळीस. पहिलं नाव फलकावर तुमचंच.

कलम_दोन_ओळी | सोमवार, संध्याकाळी ७:४५

आणि दुसरं तुमचं.

कंदीपेढा | सोमवार, रात्री ९:०२

वकीलसाहेब, मुद्दे मान्य. पण प्रत्येक गोष्टीत कलम लावलं तर गावात काहीच होणार नाही. वडगावला कुणी कोर्टात गेलं का? लोकांनी ऐकलं, कारण लोकांना पटलं.

कलम_दोन_ओळी | सोमवार, रात्री ९:२०

पटलं म्हणूनच! तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. तिथे आधी बायकांची बैठक झाली, भोंग्याच्या जोडीला माणसं घरोघर गेली. बांधावरून यांच्या गावात भोंगा आणि फलक आधी आलेत, पटवणं कुठे दिसतच नाही.

निवृत्त_गुरुजी | मंगळवार, सकाळी ६:१०

तीस वर्षांहून अधिक जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, तेव्हा थोडं लांब लिहीन.

मुलं वाचत नाहीत हे खरं आहे. चौथीचा मुलगा पान वाचायला घेतो आणि दुसऱ्या ओळीवर बोट वर सरकवतो. पानावर! ते पान वर जाईल अशी त्याच्या बोटाची समजूत असते. मी हे समोर बसून पाहिलंय. तेव्हा दीड तासाची शांतता मुलांना मिळाली तर मी पहिला भोंग्याची दोरी ओढीन.

पण आता गंमत ऐका. माझी नात शहरातल्या शाळेत आहे. तिचा गृहपाठ रोज संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. कधी? शिक्षिका घरी जाऊन, चहा घेऊन टाकतात तेव्हा. म्हणजे सातच्या सुमारास. मग सूनबाई फोन उघडतात, गृहपाठाआधी सत्तेचाळीस पालकांचे 'ओके मॅम' पार करतात, फोटो मोठा करून बघतात, तो अस्पष्ट असतो, दुसऱ्या आईला फोन करतात. अभ्यास सुरू व्हायला आठ वाजतात. आमच्या काळी गृहपाठ वहीत लिहून द्यायचो. फळा, खडू, 'उद्या पान अठरा.' संपलं.

ग्रामसभेत ठराव करायचाच असेल तर शाळेला विनंती करा: गृहपाठ शाळा सुटायच्या आत वहीत. फुकटात अर्धा मोबाईल बंद होईल.

आशाताई_ऑनलाइन | मंगळवार, दुपारी १:१५

गुरुजींना नमस्कार. आम्ही आशा आणि अंगणवाडीवाल्या घरोघर फिरून सांगायचं, 'ताई, मोबाईल बंद करा हं', आणि घरी येऊन सातला आम्हीच मोबाईल उघडायचा, कारण दिवसभराच्या नोंदी ॲपवर चढवायच्या असतात. दिवसा रेंज नसते नाहीतर ॲप गोल गोल फिरत असतं. एका सरकारी योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी तर बायका रात्री अकराला माझ्या ओट्यावर होत्या, कारण ओटीपी तेव्हाच यायचा. सगळ्या कारभाराला मोबाईल लावला कुणी आणि आता 'लोक फार मोबाईल बघतात' म्हणतंय कोण, एवढाच माझा प्रश्न आहे. बाकी चालू द्या, मला दोन घरं करायची आहेत.

आयर्विन_४० | मंगळवार, रात्री ८:५०

आशाताईंशी सहमत. माझा मुद्दा वेगळा. मी सांगलीत नदीकडेला राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे 'कसे आहात?' कुणी विचारत नाही, 'आयर्विनला किती?' विचारतात, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. तेव्हा कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती जातंय, हे कळायला मोबाईल हाच आधार. अर्थात त्याच मोबाईलवर 'धरण फुटलं' असे मेसेजही आले आणि अर्धी गल्ली मध्यरात्री ट्रॅक्टरवर चढली, तेही सांगायला हवं.

तर कृष्णाकाठच्या कुठल्याही गावानं असा ठराव करताना पावसाळा वगळावा. आणि भोंगा आहेच तर तोच पुराच्या इशाऱ्यालाही ठेवा. मात्र दोन्हीचा आवाज वेगळा ठेवा, नाहीतर पूर आला तर लोक टीव्ही बंद करून पोरांना अभ्यासाला बसवतील.

माणदेशी_माठ | मंगळवार, रात्री ९:०५

नदीकाठचं ऐकून हेवा वाटतो. आमच्याकडे टँकर कधी येणार ते कळायला मोबाईल लागतो.

अजिंक्यताऱ्यावरून | मंगळवार, रात्री ९:४८

बंदीचा विषय निघालाच आहे तर सक्तीनं नेट बंद झालं की काय होतं ते आम्ही अनुभवलंय. २०२३ च्या सप्टेंबरात आमच्या सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद केलं होतं. कारण गंभीर होतं, त्यावर इथे वाद नको. पण क्यूआरवर पैसे जाईनात, दुकानदारांनी उधारीच्या वह्या पुन्हा बाहेर काढल्या. ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख असलेली पोरं एसटीनं दुसऱ्या जिल्ह्यात गेली. अफवा मात्र थांबल्या नाहीत, त्या फोनवरून तोंडी फिरल्या, आणि त्या खऱ्या का खोट्या हे बघायला नेट नव्हतं.

कलम_दोन_ओळी | मंगळवार, रात्री १०:१०

त्यासाठी निदान नियम तरी आहेत. राज्यात नेट बंदीचा आदेश गृह खात्याच्या सचिवांच्या पातळीवर निघतो, आणि जानेवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं असे आदेश प्रसिद्ध करा, बेमुदत बंदी ठेवू नका, असं बजावलंय. थोडक्यात, गृहसचिवांनासुद्धा कारण लेखी द्यावं लागतं. फलकवाल्या सरपंचांनीही द्यावं.

तंबोऱ्याची_खुंटी | बुधवार, सकाळी ११:३०

मिरजेहून. अवांतर आहे, पण सगळे 'बंद काय करायचं' यावरच बोलताय. त्या दीड तासात करायचं काय?

सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवर उभं केलं तेव्हा समोर स्क्रीन नव्हता म्हणून लोक आले असं नाही, समोर काहीतरी घडत होतं म्हणून आले. पठ्ठे बापूराव याच जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. आणि आता गावच्या जत्रेत काय असतं? ऑर्केस्ट्रा, डीजे, लेझर. तमाशाचा फड आलाच तर निम्मे लोक तो मोबाईलमध्ये धरून बघतात, मधेच 'लाईव्ह' जातात.

आमच्या गल्लीत तंबोऱ्याला तारा चढवताना बघायला पोरं आपोआप थांबतात. कारागीर काही बोलत नाही. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावताना सुताचा धागा तारेखालच्या ब्रिजवर अर्धा केस इकडे, अर्धा केस तिकडे सरकवत राहतो, आणि एका जागी आवाज एकदम उघडतो. पोरं खिशातला मोबाईल विसरतात. भोंगा लागत नाही.

त्यामुळे ठरावात एक ओळ घाला: शाळेची किंवा समाजमंदिराची खोली सात ते साडेआठ उघडी राहील, दिवा असेल, पुस्तकं असतील, आठवड्यातून एकदा भजनी मंडळ नाहीतर नाटकवाले.

बेदाणा_नव्हे_मनुका | बुधवार, सकाळी ११:५२

पुस्तकांवरून आठवलं, भिलारला २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरात पुस्तकं ठेवलीत. स्ट्रॉबेरी खायला म्हणून गेलो होतो, पोरगी तिथे एका ओसरीवर बसली ती उठेना. आणि आमच्या सांगलीत नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं २०१९ च्या पुरात भिजून गेली. रस्त्यावर ढीग होते.

मुठेकाठचा_सांगलीकर | बुधवार, दुपारी १२:१५

पुन्हा डोळे पाणावले.

भडंग_लिंबू_मारके | बुधवार, दुपारी १२:१६

दादा, डॉक्टरला दाखवा.

राऊटरचा_लाल_दिवा | बुधवार, रात्री ११:२०

मी या धंद्यातलाच, ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. नाव विचारू नका. आमच्याकडे भिंतीवर एक मोठा पडदा आहे, त्यावर 'माणूस सरासरी किती मिनिटं आत राहिला' हा आकडा दिवसभर चालू असतो. तो खाली गेला की बैठक. म्हणजे बघा, एका बाजूला आठवीतलं पोरगं, दुसऱ्या बाजूला पगारी इंजिनियरांची फौज, आणि मधे तुमचा भोंगा. व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, यादीला तळ नाही, हे कुणीतरी बसून ठरवलेलं आहे. पोरगं बिघडलंय म्हणून ते घडत नाही.

ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची सोशल मीडियावरची खाती बंद करायला लावली. ही बंदी योग्य का अयोग्य यावर भांडता येईल, पण एक गोष्ट बघा: दंड मुलाला नाही, आईबापाला नाही, कंपनीला आहे. जवळजवळ पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई, असं आहे. नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि बरेचसे टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचे आहेत. तोवर फलकावर कुणाचं नाव? कुटुंबप्रमुखाचं.

तांत्रिक उपाय हवा असेल तर राऊटरला वेळ लावता येते, फोनमध्येही मुलांसाठी मर्यादा घालता येते. भोंग्यापेक्षा स्वस्त आणि शेजाऱ्याला ऐकू येत नाही.

हळदकाका | गुरुवार, सकाळी ५:५५

राऊटर कुनाकडं हाय गड्या गावात? समद्यांचं रिचार्ज. आन् मर्यादा घालाय गेलो तर पासवर्ड पोराला इचारावा लागतोय.

बारावी_सायन्स | गुरुवार, दुपारी ४:०५

मी बहुतेक इथे सगळ्यात लहान आहे. एवढा मोठा धागा झाला, आमच्याबद्दल, आणि आमच्यापैकी कुणाला कुणी विचारलं नाही. ग्रामसभेत मतदार बसतात, म्हणजे अठराच्या पुढचे. मी नीटची तयारी करते. गावात क्लास नाही, लाखभर फी भरून लातूरला जाणं परवडत नाही, म्हणून लेक्चर मोबाईलवर. कधी? दिवसभर कॉलेज आणि एसटी, म्हणून सात ते नऊ. फोन आईचा आहे, दिवसा ती घेऊन जाते. भोंगा वाजला की माझं लेक्चर बंद आणि 'अभ्यासाला बस' चालू. कशानं बसू?

आणि कंदीपेढा काका, मोबाईल हे गुटख्यासारखं व्यसन म्हणालात. गुटख्यातून फिजिक्स येत नाही.

कंदीपेढा | गुरुवार, रात्री ९:१५

बाळ, तुझा मुद्दा घेतला. तुझ्यासारख्यांना सूट असावीच. पण तुझ्यासारखी एक आणि रीलवाले दहा, हे तूही मान्य करशील. सूट दिली की दहाही 'लेक्चर चालू आहे' म्हणतील.

बारावी_सायन्स | गुरुवार, रात्री ९:१९

मग दहांच्या आईबाबांनी त्यांच्याकडे बघावं ना. माझ्या आईनं बघितलंच की.

सातची_मालिका | शुक्रवार, दुपारी २:३०

पोरीला शंभर लाईक. इथे लाईकचं बटण नाही, म्हणून लिहून देते.

गावपुढारी_क्र_२ | शुक्रवार, संध्याकाळी ५:००

राजकारणाचा भाग कुणी बोललंच नाही. २०२२ सालीच एप्रिल-मेमध्ये राज्यभर भोंग्यांवरून रान पेटलं होतं, भोंगे उतरवा म्हणून. ऑगस्टात गावं भोंगे चढवायला लागली. आणि ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल. तेव्हा भोंग्यालाही आधी परवानगी घ्या, नाहीतर विरोधी गट पहिला अर्ज त्यावरच करेल. मी करेन.

दुसरं. निवडणूक लागली की उमेदवाराचं रेकॉर्ड केलेलं 'नमस्कार, मी तुमचा लाडका' बरोब्बर साडेसातला फोनवर येतं. वाढदिवसाचे स्टेटस संध्याकाळी. आमच्या नेत्यांचं 'लाईव्ह' संध्याकाळी. भोंगा वाजला तर ते बघणार कोण? सरपंचांनी हा विचार केला नसेल असं वाटत नाही, तेव्हा ठराव मंजूर होईल आणि पाळला जाणार नाही, ही माझी भविष्यवाणी.

संपादक | शुक्रवार, संध्याकाळी ६:१०

पक्षांची नावं घेऊन आलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. विषयावर या.

भडंग_लिंबू_मारके | शुक्रवार, संध्याकाळी ६:१२

अरेरे, पॉपकॉर्न फुकट गेले. सविस्तर प्रतिसाद आता लिहावाच लागणार.

बांधावरून | पुढचा सोमवार, रात्री ९:३०

मंडळी, धागा छापून काढला आणि घेऊन गेलो. सगळ्यांचं घेऊन उपसूचना लिहिली, इथे टाकतो, सुधारा:

'ग्रामसभा सायंकाळी ७ ते ८:३० या वेळेत मुलांसाठी टीव्ही व मोबाईल बाजूला ठेवण्याचे आवाहन करते. शेतीपंप, आरोग्यसेवा, परीक्षेचा अभ्यास व पूरकाळ यांना हे लागू नाही. पार, चावडी व ग्रामपंचायत कार्यालयात याची सुरुवात सदस्यांनी स्वतःपासून करावी. या वेळेत शाळेची एक खोली वाचनासाठी खुली राहील. शाळेने गृहपाठ वहीत द्यावा. कोणाचेही नाव प्रसिद्ध करण्यात येऊ नये.'

'सदस्यांनी स्वतःपासून' वाचल्यावर एक सदस्य म्हणाले, 'हे जरा व्यक्तिगत होतंय.'

निवृत्त_गुरुजी | सोमवार, रात्री ९:५०

मसुदा उत्तम. 'वाचनासाठी खुली' ऐवजी 'वाचन व अभ्यासासाठी' लिहा, नाहीतर तिथे वर्तमानपत्र घेऊन आमच्यासारखे म्हातारेच बसतील.

कलम_दोन_ओळी | सोमवार, रात्री १०:०५

लेखी द्या, पोच घ्या, आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घेतली का ते विचारा. नियमित ग्रामसभेआधी ती घ्यायची असते. सातची_मालिका ताईंचा पाराचा मुद्दा तिथे आला तर मला यायला आवडेल.

बांधावरून | रविवार, रात्री ९:०५

ग्रामसभा झाली. म्हणजे झाली नाही. गणपूर्ती झाली नाही म्हणून तहकूब. गावात तीन लग्नं होती. महिलांची सभा घेतली का विचारलं तर 'रजिस्टरला आहे' म्हणाले. तहकूब सभेची तारीख गावच्या ग्रुपवर कळवली, संध्याकाळी सात वीसला.

कलम_दोन_ओळी | रविवार, रात्री ९:२५

सावध. पहिल्या सभेला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यातले जे कमी ते लागतात. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. वीस माणसं बसून फलकाची ओळ मंजूर करू शकतात. लोक घेऊन जा.

हळदकाका | रविवार, रात्री ९:४०

मळ्यातली समदी येत्यात. लाईट दिवसाची असली तर.

बारावी_सायन्स | रविवार, रात्री ९:४४

बांधावरून काका, मला ऑक्टोबरमध्ये अठरा पूर्ण होतात. तोपर्यंत तहकूब ठेवता येईल का?